ताईच्या नावाची बाटली

८ जानेवारी

ताई,

पार्सल उघडल्यावर तू आधी कॅप्सूल बघशील, मग लोकरीचे मोजे, आणि मी इतका जीव ओतून लिहिलेलं पत्र भावोजींच्या हातात वाचायला देशील, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. तुमच्या बोगद्याच्या कामावर फोन लागायचा तर माणसाला टेकडी चढावी लागते, त्यापेक्षा पत्र बरं.

काम फत्ते झालं. दवाखान्यात बायका होत्या नव्हत्या तेवढ्या बाकावर बसल्या होत्या. नर्सनं तुझं नाव पुकारलं आणि मी ‘हो’ म्हणाले. शाळेत तुझ्या हजेरीला म्हणायचे अगदी त्याच आवाजात. जुळी बहीण असण्याचा या वयातही असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी हातात बाटली दिली, मी ती भरून आणली, त्यावर तुझं नाव चिकटवलं गेलं आणि मी पुन्हा बाकावर बसले.

डॉक्टरांनी माझा चेहरा दिव्याखाली धरला. मला वाटलं, आता पकडलं. पण त्या एकदम खूश झाल्या. म्हणाल्या, “तीन महिन्यांत इतका फरक फार कमी जणींना पडतो. डागसुद्धा गेले की.” डाग होतेच कुठे. हनुवटीवर मुरुमांच्या त्या गाठी घेऊन, वर हेल्मेटचा पट्टा आवळून तू वर्षभर धूळ खाल्लीस, मी दुकानात पंख्याखाली बसून बॅगांच्या चेनी बदलल्या. कौतुक मात्र औषधाचं आणि माझं झालं.

नंतर त्यांनी ते नेहमीचं सगळं सांगितलं, जे तू मला आधीच पाठ करून दिलं होतंस. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना दिवस जाता कामा नयेत. या औषधानं पोटातल्या मुलात व्यंग येऊ शकतं. कुणाला उसनं द्यायचं नाही. दर महिन्याला तपासणी, ती निगेटिव्ह आली तरच पुढचं पाकीट. मी मान डोलावली. “तांबी बसवलेली आहे,” असंही सांगितलं. अगदी तुझ्या ठसक्यात.

शेवटी नर्स आली आणि म्हणाली, “निगेटिव्ह. अभिनंदन.” मी हसले. हसायला मला जरा उशीर झाला असेल, पण तिच्या लक्षात आलं नाही.

हे बरे आहेत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवीन मुलींची तुकडी आली आहे आणि त्यातली एक प्रत्येक वळणावर डोळे मिटते. त्यामुळे घरी जेवतानाही यांचा पाय टेबलाखाली ब्रेक दाबत असतो.

मोजे भावोजींना देऊ नकोस, तुझेच आहेत.

तुझी धाकटी

—

७ फेब्रुवारी

ताई,

एक घोटाळा झाला आहे, पण तो मी निस्तरते. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

चेहऱ्याचं सगळं ठीक झालं. डॉक्टर पाकीट लिहून देणार इतक्यात त्यांचं लक्ष माझ्या ओठांकडे गेलं. “ओठ फुटले नाहीत तुमचे?” मी म्हणाले, मलम लावते. त्या म्हणाल्या, “मलम लावूनही फुटतात. हे औषध पोटात गेलं की आधी ओठांवर दिसतं. गोळ्या नीट घेता ना? जेवणाबरोबर घेता ना?” घेते म्हणाले. मग त्या जरा विचारात पडल्या. औषध अंगी लागत नसेल, असं म्हणाल्या. पुढच्या महिन्यातही ओठ असेच मऊ दिसले तर डोस वाढवू.

म्हणजे बघ. तिकडे तुझे ओठ फुटून रक्त येतंय, जांभई देताना त्रास होतो असं तू लिहितेस, आणि इकडे माझ्या ओठांवरून तुझा डोस वाढणार. डोस वाढला तर तुझ्या लिव्हरचं काय होईल कुणास ठाऊक. तेव्हा ओठांचं काहीतरी करायला हवं. करते मी.

या पाकिटात सहा कॅप्सूल कमी आहेत. औषधाच्या दुकानात तेवढ्याच शिल्लक होत्या. स्ट्रिप कापून दिली त्यानं, तर तक्रार करू नकोस.

टेकडीवरून फोन केलास तेव्हा तू विचारलंस, हसायला उशीर का झाला म्हणून. तेव्हा मी दुकानात गिऱ्हाईक आलंय असं सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतं. आता विचारलंच आहेस तर ऐक. दोन वर्षं झाली, आम्हाला मूल हवं आहे. आईला सांगितलं नाही, तुलाही नाही. तुला तर मुद्दाम नाही. तू लगेच मला डॉक्टरांकडे नेलं असतंस, वेळापत्रक करून दिलं असतंस आणि रोज विचारलं असतंस. प्रत्येक महिन्यात मी न्हाणीघरात दिवस गेलेत का ते बघायची पट्टी हातात धरून उभी राहते. एकच रेघ येते. मी पट्टी कागदात गुंडाळून टाकते आणि दुकान उघडायला जाते.

आता तुझ्या नावानंही तीच एक रेघ येते आणि तिथे लोक माझं अभिनंदन करतात. गंमत आहे. मला वाईट वाटत नाही असं नाही, पण म्हणून मी जाणं थांबवीन असं तू सुचवूही नकोस. तुला रजा मिळत नाही आणि तुझा चेहरा आता कुठे माणसात आला आहे.

तुझी धाकटी

—

९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. तू एवढी हळवी झालेली मला झेपत नाही, पुन्हा असं लिहू नकोस. आणि “मग तू जाऊच नकोस, मी औषध सोडते” हे तर अजिबात लिहू नकोस. वीस वर्षांची होतीस तेव्हापासून तू फोटोत मान खाली घालतेस. लग्नाच्या फोटोतही भावोजी समोर बघताहेत आणि तू बुटांकडे. आणखी तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

आजची भेट झक्कास झाली. ओठ असे फुटले होते की डॉक्टरांनी मला काही विचारलंच नाही. स्वतःच म्हणाल्या, “आता बरोबर. लागतंय औषध.” डोस तोच ठेवला. ओठ कसे फुटले ते विचारू नकोस. आधी टॉवेलनं घासून पाहिले, काही झालं नाही. खारं पाणी लावलं, नुसती आग झाली. शेवटी उपाय सापडला. हे म्हणाले, वारं लागलं असेल. लागलं असेल.

तपासणी निगेटिव्ह. नर्स अभिनंदन म्हणाली आणि या वेळी मी अगदी वेळेवर हसले.

स्ट्रिप या खेपेलाही अर्धवट आहे. त्या दुकानदाराला एकदा चांगलं सुनावणार आहे.

दुकानात एक बाई सुटकेस घेऊन आली होती. चेन दोन्ही बाजूंनी उसवलेली. ती म्हणाली, फेकून देणार होते, पण आत माझ्या पहिल्या नोकरीचा वास आहे. मी आत नाक घालून पाहिलं, नुसता बुरशीचा वास होता. तरी दुरुस्त करून दिली.

तुझी धाकटी

—

२५ मार्च

ताईस,

त्या कमी पडलेल्या कॅप्सूलवरून तू फोनवर जे बोललीस ते बोललीस. पण त्यानंतर डॉक्टरांना फोन करून तू सगळं सांगितलंस, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना. “आज दवाखान्यात या, स्वतःच्या नावानं या,” असं म्हणाल्या त्या. मी एखाद्या चोरासारखी शटर ओढून गेले.

तुला कळलं कसं, तेही त्यांनीच सांगितलं. म्हणे स्ट्रिपच्या कडा नागमोडी कापल्या होत्या आणि अशी दातेरी कात्री औषधाच्या दुकानात नसते, माझ्या दुकानात असते. बोगदा खणताखणता तुझी नजर एवढी तीक्ष्ण झाली असेल असं वाटलं नव्हतं. आणि मग तू ओठांचं आणि स्ट्रिपचं गणित मांडलंस.

हो, मी घेतल्या. रोज एक, दवाखान्यात जायच्या दिवसापर्यंतचे सहा दिवस. तुझ्याचसाठी घेतल्या. तुझा डोस वाढू नये म्हणून. त्या पाकिटावरचं चित्र मी पाहिलं नव्हतं असं नाही. गरोदर बाई आणि तिच्यावर आडवी लाल रेघ. पण मला वाटलं, ती बाई मी नाहीच ना. दोन वर्षं झाली नाही, ती या सहा दिवसांत कुठून होणार. शिवाय शेवटची घेतली त्याच दिवशी तपासणी निगेटिव्ह आली. मला वाटलं, झालं, सुटले.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी आधी विचारलं, “मग इतके महिने मी कुणाची बाटली तपासत होते?” मी म्हणाले, माझी. “आणि औषध खात होती ती बहीण कुणी तपासलीच नाही.” मी म्हणाले, तिला तांबी आहे. त्या म्हणाल्या, “तांबी क्वचित फसते. ते क्वचित कधी येतं ते कळावं म्हणून तर दर महिन्याला बघायचं.” मी टेबलावरचा पेपरवेट बघत बसले.

मग त्यांनी माझं विचारलं. पाळी केव्हा येते, शेवटची कॅप्सूल कधी घेतली, मूल हवं आहे का. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तपासणी निगेटिव्ह आली त्या दिवसापर्यंतचंच ती सांगते, पुढचं नाही. औषध काही दिवस अंगात राहतं आणि नेमका तोच काळ दिवस राहायचा असतो. बाळाचं डोकं, कान, हृदय घडायला लागतं तेव्हा बाईला अजून काही कळलेलंही नसतं. मी म्हणाले, सहाच तर होत्या. त्या म्हणाल्या, “इतक्या घेतल्या तर चालतात, असा आकडा या औषधाला नाही.” प्रत्येक बाळाला काही होतंच असंही नाही, हे पण त्यांनीच सांगितलं. पण होतं तेव्हा फार वाईट होतं. पोटात मूल असेलच तर आपण एका मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ, मग काय ते ठरवू, असं म्हणाल्या. ‘काय ते’ म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

आता तुला हवं ते सांगते, म्हणजे तुझं समाधान होईल. पाळी चुकली आहे. परवा यायला हवी होती. माझी कधी एक दिवस इकडची तिकडे होत नाही, हे तुला माहीत आहे. तुझी माझी एकाच दिवशी यायची आणि आई वैतागायची.

रक्त दिलं आहे. अहवाल उद्या. घरी पट्टी पडली आहे, पण मी ती उघडली नाही. मला धीर होत नाही. दोन वर्षं मी दुसरी रेघ मागत होते. आता न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून म्हणते आहे, नको येऊस. ज्याला इतक्या वेळा बोलावलं त्याला दारातून परत जा म्हणायचं, हे तू कधी केलंयस का? नाही केलंस. मग मला शिकवू नकोस.

यांना मी काल सांगितलं. सगळं. तुझ्या नावाची बाटलीसुद्धा, जी त्यांना माहीतच नव्हती. ते जेवत होते. त्यांचा पाय टेबलाखाली थांबला. मग उठून फळीवरची उरलेली स्ट्रिप घेतली, या महिन्याची तुझी काढून ठेवलेली, आणि म्हणाले, “ही मी दवाखान्यात परत देऊन येतो. कचऱ्यात नको, कुणीतरी उचलेल.” दार लावताना म्हणाले, “एकदा मला विचारायचंस.” एवढंच. त्यापेक्षा आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

फोनवर मी म्हणाले, तू माझी कुणी नाहीस. तू म्हणालीस, बरं. मग तसंच असू दे. हे पत्र तुला कळवायचं म्हणून लिहिलं आहे, उत्तर नको.

—

३१ मार्च

ताई,

उत्तर नको म्हटलं म्हणजे खरंच पाठवायचं नसतं का?

रक्ताचा अहवाल निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी तरी आणखी चार दिवसांनी पुन्हा तपासू म्हटलं. काल सकाळी पाळी आली. डॉक्टरांना फोन केला, तरी त्यांनी बोलावून तपासलंच. खात्रीनं नाही.

कालचा अहवाल नर्सनं हातात दिला तेव्हा ती अभिनंदन म्हणाली नाही. तिला आता सगळं माहीत आहे. तिनं नुसता कागद दिला आणि बाजूला उभी राहिली. ताई, मी भयंकर आनंदले. आयुष्यात पहिल्यांदा मूल नाही म्हणून आनंद झाला. आणि घरी येताना रस्त्यात त्या आनंदाची एवढी लाज वाटली की एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी भरपूर रडले. एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, पाकीट मारलं का? मी हो म्हणाले. त्यानं मला बसच्या भाड्याला सुटे दिले, आणि मी ते घेतलेही.

यांना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि मग म्हणाले, “आता चहा कर.” आमच्याकडे मोठ्या गोष्टी अशाच संपतात.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, हे लक्षात असू दे. पण काल रात्रभर हिशेब मांडत होते. तू फोन केला नसतास तर काय झालं असतं? तर मी एप्रिलमध्ये पुन्हा सहा घेतल्या असत्या. मेमध्ये सहा. प्रत्येक महिन्यात आधी औषध आणि मग वाट. कधीतरी दुसरी रेघ आली असती आणि आम्ही नाचलो असतो. काही महिन्यांनी कुणीतरी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं असतं आणि मला कशामुळे ते समजलंही नसतं. किंवा समजलं असतं, आणि ते जास्त वाईट.

हे मी तुला लिहिते आहे, बोलणार नाही. तोंडावर म्हणायला लावू नकोस.

तुझी

—

१४ एप्रिल

ताई,

तुझं पार्सल आलं. आत चिठ्ठी नव्हती. मी खोका उलटा करून झटकला, पातळ कागद उलगडून पाहिला, खोक्याच्या कडेच्या पट्ट्यासुद्धा उचकटल्या. नुसती ओठांना लावायच्या मलमाची डबी. तीही अर्धी वापरलेली. बोटाची खूण तशीच होती. मग कळलं की ही तुझी रोजची डबी आहे आणि आता तुला तिची गरज राहिलेली नाही.

भावोजींना फोन केला. ते म्हणाले, डॉक्टरांनी तुझं पाकीट थांबवलं, तू स्वतः येऊन तपासणी दिल्याशिवाय पुढचं मिळणार नाही, आणि काम निम्म्यावर असल्यानं साहेब रजा देत नाहीत. म्हणाले, तिकडच्या इस्पितळात तू तपासून घेतलंस, निगेटिव्ह आहे. म्हणाले, हनुवटीवर पुन्हा गाठी आल्यात आणि तू मफलर गुंडाळून जेवायला बसतेस. मी विचारलं, डॉक्टरांना फोन करायच्या आधी तिला माहीत होतं का, औषध बंद होईल हे? ते म्हणाले, माहीत होतं. टेकडीवरून खाली येताना हेच म्हणत होती, गेलं माझं पाकीट.

मला वाटत होतं, तू चुगली केलीस. चुगली करणारा स्वतःचं असं काही घालवत नाही. विसाव्या वर्षापासून मान खाली घालून बसलेली तू, आता कुठे वर बघायला लागली होतीस. फोन ठेवल्यावर मी दुकानात बसून एका शाळेच्या दप्तराला उलटी चेन लावली. दोन वेळा.

मी दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांना म्हणाले, माझ्या बहिणीचं काय ते करा, तिनं काही चुकवलेलं नाही. त्या म्हणाल्या, “चुकवलं आहे. दोघींनी मिळून चुकवलं आहे. पण शेवटी तिनंच दुरुस्त केलं.” मग त्यांनी सांगितलं, तुझ्या त्या इस्पितळातल्या बाई डॉक्टरांशी त्या बोलतील. तपासणी तिथे, तुझ्या हातानं, त्यांच्या समोर. पाकीटही तिथूनच. पण एकदा तुला इथे यावं लागेल. त्यांना तुझा खरा चेहरा बघायचा आहे. मी म्हणाले, माझ्यासारखाच आहे. त्या हसल्या नाहीत.

माझं असं आहे. शेवटच्या कॅप्सूलला महिना उलटून गेला. डॉक्टर म्हणाल्या, आणखी एक पाळी जाऊ दे, मग खुशाल. दिवस राहण्याआधी घ्यायची एक साधी जीवनसत्त्वाची गोळी दिली आहे, ती मी रोज यांच्या देखत घेते. यांचा हट्टच आहे. ग्लास पुढे करतात आणि मी गिळेपर्यंत बघत उभे राहतात, जसं काही मी चौकात गाडी वळवते आहे.

रजा मिळेल तेव्हा ये. साहेब नाहीच म्हणाले तर सांग, मी येऊन त्यांच्या सगळ्या बॅगांच्या चेनी फुकट बदलून देते. दवाखान्यात आपण दोघी जाऊ आणि शेजारी शेजारी बसू. नर्स तुझं नाव पुकारेल तेव्हा तू ‘हो’ म्हण. मी गप्प बसेन. एकीच्या नावाची बाटली दुसरीनं भरायचा खेळ संपला.

तुझं मलम मी लावते आहे. ओठ बरे झाले. डबी परत देणार नाही, तुला नवी घेऊन ठेवली आहे, कारण पाकीट सुरू झालं की पुन्हा लागेल.

आणि जूनमध्ये मी पुन्हा एकदा न्हाणीघरात पट्टी धरून उभी राहीन, या वेळी लपवून नाही. मागच्या वेळी ‘नाही’ असा अहवाल आला तेव्हा मी एकटी पायरीवर बसून रडले आणि एका अनोळखी म्हाताऱ्याकडून सुटे पैसे घेतले. पुन्हा तसं नको आहे मला. तेव्हा आधीच सांगून ठेवते. एक रेघ आली तर ये. दोन आल्या तरी ये.

तुझी धाकटी